आईची साय

दिवा निळा होता. पाणी चांगलं असलं की नळावरचा दिवा निळा, बिघडलं की लाल, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्या गाडीतला दिवा त्या सगळ्या दिवसांत एकदाही लाल झाला नाही. मग मी काय करायला हवं होतं, सांगा ना! निळ्या दिव्याखाली भांडं धरलं, पाणी घेतलं आणि नवऱ्याला वाफारा दिला. कुठल्याही बायकोने हेच केलं असतं.

मी रूपाली वाघमोडे. आमचा ताफा मधमाश्यांचा. पूर्वी म्हणे माश्या आपापल्या येऊन फुलांवर बसायच्या, त्यांना आवतण द्यावं लागायचं नाही. आता रानातल्या माश्या संपल्या. कलिंगड असो, डाळिंब असो की सूर्यफूल, फळ धरायचं असेल तर बागाईतदार आम्हाला फोन करतो. मग पेट्यांचा ट्रक पुढे आणि आमच्या राहायच्या गाड्या मागे, अशी वरात निघते. शहरातले लोक अशा गाडीला कॅरॅव्हॅन म्हणतात, चार दिवस हौसेने हिंडतात आणि घरी परत जातात. आम्ही तिला घरगाडी म्हणतो, कारण आम्हाला दुसरं घर नाही. सांगोला, आटपाडी, जत, जिथे फुलोरा तिथे आम्ही.

माझा नवरा अंकुश हा ताफ्याचा म्होरक्या. त्याला मी अरेतुरे करते. लग्नानंतर सासूबाईंनी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा कपाळावर हात मारून घेतला होता. पुढे त्याही सरावल्या. "नावाने मार हाक, पण निदान ओरडू नको बाई, माश्या चवताळतात," एवढंच म्हणायच्या.

चैत्र लागला होता आणि आम्ही आटपाडीच्या माळावर कलिंगडाच्या प्लॉटला उतरलो होतो. फुफाट्याने अंकुशला खोकला झाला.

"वाफारा घे जरा," मी म्हटलं.

"मला काय झालंय?"

"झाल्यावर सांगणार आहेस का? बस गप."

हल्ली गॅस मिळणं मुश्कील, म्हणून सगळ्या गाड्यांत ते थरथरणारं यंत्र असतं. ते पाणी तापवत नाही. नुसतं हलवून हलवून त्याचं धुकं करतं. त्यात ओव्याच्या अर्काचे थेंब टाकायचे, डोक्यावर टॉवेल घ्यायचा आणि बसायचं. मी त्याला सकाळ-संध्याकाळ बसवलं. खोकला वाढला तसं दुपारीही बसवलं. तो टॉवेलखालून कुरकुर करायचा आणि मी वरून टॉवेल दाबून धरायचे. "ओढ, आत ओढ चांगला," म्हणायचे.

आता सायीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

गाडीतलं पाणी म्हणजे पहिल्यापासून जिवाला घोर. टाकी छोटी, नळ्या करंगळीएवढ्या. उन्हाने गाडीचा पत्रा तापतो, आतलं पाणी कोमट होतं आणि गाडी उभी असली की नळ्यांत तसंच मुरत राहतं. टाकी भरायची तरी कुठून? कालवा, विहीर, टँकर, जे मिळेल ते. पूर्वी तिच्यात पावडर टाका, नळ्या धुवा, पाणी उकळा, असा सगळा कुटाणा असायचा आणि तरीही पोरं जुलाबाने आडवी व्हायची. मग ती साय निघाली. तिचं खरं नाव लांबलचक आहे. दुधावर धरते तशी ती टाकीला आतून पातळ धरते, म्हणून बायकांनी तिला साय म्हटलं आणि तेच नाव पडलं.

ही साय जिवंत असते. प्रयोगशाळेत घडवलेले निरुपद्रवी जंतू टाकीला आणि नळ्यांना आतून चिकटून राहतात. पाण्यातलं खाण्यासारखं जे काही असेल ते तेच फस्त करतात, त्यामुळे बाहेरून आलेला जंतू उपाशी मरतो. त्यातून एखादा टिकलाच तर साय त्याला ओळखते आणि फक्त त्यालाच मारणारे विषाणू तयार करून सोडते. माणसाला त्यांचा काही त्रास नाही. साय धडधाकट असली की तिच्यातून एक द्रव्य पाझरत राहतं. नळावरच्या दिव्याला ते समजतं आणि तो निळा राहतो. साय खचली की द्रव्य बंद होतं आणि दिवा लाल होतो. इतकं सोपं. लोकांनी पाणी उकळायचं सोडून दिलं, टाक्या धुवायच्या सोडून दिल्या.

सायीचं पाकीट सरकारी डेपोत मिळतं. पाकिटातली साय वर्षभराने आपोआप मरते. मुद्दामच तशी केलेली आहे, कारण जिवंत वस्तू फार काळ वाढत राहिली की बदलते. पण डेपो तालुक्याला आणि आम्ही माळावर. एका वर्षी सासूबाईंनी काय केलं, साय मरायच्या आधीच चमच्याने थोडी खरवडून घेतली, भाताच्या पेजेत कालवून उबेला ठेवली आणि टाकी धुऊन तिच्यात ओतली. धरली की! दह्याला विरजण लावतात तशी धरली. वर्ष उलटलं तरी मेली नाही. त्यानंतरही मेली नाही. मग ताफ्यातल्या गाड्यांनी पाकीट आणणंच बंद केलं. विरजण मागायला आलेल्या बाईला कुणी रिकाम्या हाताने लावून देतं का? लेक सासरी निघाली की ओटीच्या नारळाशेजारी सायीची बरणी द्यायची, अशी पद्धतच पडून गेली. कायद्याने याला बंदी आहे. सापडलं तर परवाना रद्द होतो आणि टाकीला कुलूप लागतं. पण साय कुणाची हे बाहेर बोलायचं नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत.

माझी नणंद सारिका, अंकुशची धाकटी बहीण, अशीच आईची साय घेऊन सासरी गेली. सासर म्हणजे काय, तर आमच्याच ताफ्यातली शेवटची गाडी. तरी रडली अशी की जणू परमुलखात निघालीय. पुढच्या वर्षी सासूबाई गेल्या. तेव्हापासून सारिका सणासुदीला टाकीला हळदकुंकू वाहते. "आई आहे आत," म्हणते. मी चेष्टा करायचे, "वन्सं, आईंना विचारा बरं, आमटीत मीठ जास्त झालंय का?" त्यावर तीही हसायची. आमचं गूळपीठ होतं. नणंद-भावजयीचं इतकं जमतं कसं, असं लोक विचारायचे.

अंकुशला ताप भरला. मग थंडी वाजायला लागली, जुलाब सुरू झाले आणि श्वास लागायला लागला. मी पेट्या तशाच टाकल्या आणि त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टर ईशान रणदिवे म्हणून एक तरुण मुलगा होता, चेहऱ्याने कॉलेजात शिकतोय असा वाटणारा. भिंतीवरच्या संगणकाच्या पडद्याने आधी आमच्या गाडीचा नंबर घेतला. दिवा निळा आहे, पाणी प्रमाणित आहे, हे त्याने आपणच बघितलं आणि पाण्यातून होणारे सगळे आजार बाजूला काढले. डॉक्टर न्यूमोनिया आहे म्हणाला आणि त्याने नेहमीचं औषध सुरू केलं.

औषधाचा काडीचा उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरने मला बाहेर बोलावलं.

"काकू, हा न्यूमोनिया मला सरळ वाटत नाही. यांना जुलाब आहेत, मधूनच बोलणं भरकटतंय. कोमट, साचलेल्या पाण्यात एक जंतू वाढतो, लिजिओनेला नावाचा. सगळी लक्षणं त्याची आहेत. आणि आपण देतोय ते औषध त्याच्यावर चालतच नाही."

"मग चालतं ते द्या ना!"

"ते राखीव कपाटात आहे. ही औषधं वाटेल तशी वापरून वाया गेली, म्हणून आता कपाट संगणक उघडतो आणि त्याला सबळ कारण लागतं. तुमचं पाणी चांगलं आहे असं तो म्हणतोय, म्हणून मला नाही सांगतोय. नमुना जिल्ह्याला पाठवलाय, पण तो तपासून येईपर्यंत..." त्याने वाक्य तसंच सोडलं. मग म्हणाला, "काकू, तुमची साय पाकिटातलीच आहे ना?"

"हो, म्हणजे काय! पाकिटातलीच," मी म्हटलं. विचार करायच्या आधीच तोंडातून निघून गेलं.

बाहेर लिंबाखाली सारिका डबा घेऊन बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. ती डबा ठेवून उठलीच.

"वहिनी, डोकं फिरलंय का तुझं? सगळ्या गाड्यांत तीच साय आहे. तू बोललीस की सगळ्या टाक्यांना कुलूप. ह्या उन्हात माझ्या लेकीला काय पाजू? म्हाताऱ्या सासूला काय पाजू?"

"आणि तुझा दादा?"

"दादाला ऊन लागलंय. दिवसभर उघड्या रानात पेट्या उचलत होता. पाण्यातच खोट असती तर तुला, मला झालं नसतं? आपण दुसरं पाणी पितो का?"

 तेच पाणी आम्ही सगळे पीत होतो आणि खणखणीत होतो.

"जिल्ह्याचा निकाल येऊ दे," ती म्हणाली. "उद्यापर्यंत थांब. तुला आईची शपथ आहे."

मी थांबले. शपथेला भिऊन नाही. तिचं खरं निघावं असं मलाही वाटत होतं. ताफ्यातल्या एकूण एक बाईला तोंड दाखवायचं होतं आणि सासूबाईंचं नाव चव्हाट्यावर आणायचं नव्हतं. म्हणून मी ती दुपार आणि ती रात्र घालवली. त्या वेळात औषध अंगात गेलं असतं तर, हा विचार आता माझा पिच्छा सोडत नाही आणि सोडणारही नाही.

सकाळी मी आत गेले तेव्हा अंकुश छताकडे बघत होता. मी कपाळावर हात ठेवला तसा माझ्याकडे वळला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "बाई, तेवढ्या पेट्या सावलीला घ्या हो. आमची रूपाली येईल आता, ओरडेल."

मी पळत सुटले. डॉक्टर चहा पीत होता. मी त्याच्या हातातला कपच काढून घेतला.

"डॉक्टर, आमची साय पाकिटातली नाही. सासूबाईंनी विरजण लावून वाढवलेली आहे, कित्येक वर्षांची. सगळ्या ताफ्याला तीच आहे. घ्या लिहून आणि उघडा ते कपाट!"

तो उठला. पळत पडद्यापाशी गेला, बोटं चालवली आणि कपाट उघडलं. औषध नळीतून चढायला लागल्यावरच तो माझ्याजवळ येऊन बसला.

"काकू, हा जंतू पाणी पिऊन होत नाही. तो श्वासातून फुप्फुसात जावा लागतो, अगदी बारीक तुषारांतून. गाडीत तसं काही वापरता का?"

मी वाफाऱ्याचं यंत्र सांगितलं. किती वेळा दिला तेही सांगितलं. तो खाली बघायला लागला. त्याने खाली बघितलं तेव्हाच मला समजलं. मी! मी माझ्या हाताने टॉवेल दाबून धरला होता. ओढ, आत ओढ म्हणत होते. मी तिथेच भिंतीला धरून खाली बसले.

"पण दिवा निळा होता हो," मी म्हटलं. "देवाशपथ निळा होता."

"असणारच. ऐका. पाण्यात अमिबा नावाचे बारीक एकपेशी जीव असतात. हा जंतू त्यांच्या पोटात शिरून राहतो. सायीला तो दिसतच नाही, मग ती मारणार कुणाला? पाकिटातली साय अमिबालाही टिकू देत नाही. पण तुमची साय वर्षानुवर्षं वाढताना बदलत गेली, तिने अमिबाशी जमवून घेतलं. अमिबा सायीवर पोसले, त्यांच्यात हा जंतू पोसला. आणि साय आपली मजेत आहे, द्रव्य सोडतेय. तो दिवा पाण्याचा नाहीच, काकू. तो सायीचा दिवा आहे. साय सुखात आहे एवढंच तो सांगतो."

त्याच वेळी संगणकाने आपलं काम केलं. आमच्या ताफ्यातल्या सगळ्या टाक्यांना दुरूनच कुलपं पडली. माझा फोन वाजायला लागला तो थांबेना. जी बाई माझ्या हातची भाकरी खाऊन मोठी झाली, तिने मला नाही नाही ते ऐकवलं. "स्वतःचा नवरा वाचवायला आमचं पाणी विकलंस," म्हणाली. मी ऐकून घेतलं. पाण्याचा सरकारी टँकर निघालाय, तोवर थरथरणारी यंत्रं आणि गारव्यासाठी पाणी उडवणारे फवाऱ्याचे पंखे बंद ठेवा, असं मी तिलाच चार वेळा सांगितलं. तिने फोन आपटला. पण पंखे बंद केले सगळ्यांनी, तेवढं नंतर कळलं.

फक्त सारिकाने पंखा बंद केला नाही. मी बोलणार हे ओळखून तिने कुलूप पडायच्या आतच टाकीला कुलूप लावणाऱ्या यंत्राची वायर ओढून काढली, सासूला आणि लेकीला, आर्याला, गाडीत घातलं आणि निघून गेली. फोन बंद करून ठेवला.

दुपारी अंकुशने मला ओळखलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, ओठ सुकलेले, पण नजर ताळ्यावर आली होती.

"रडतेस काय," तो म्हणाला. "मी मेल्यावर रडायला... शिल्लक ठेव थोडं."

"गप रे मेल्या!"

तो हसला आणि खोकत सुटला. खोकला थांबल्यावर त्याने सारिकाचं विचारलं. मी खोटं बोलू शकले नाही. सगळं सांगितलं. तो डोळे मिटून पडून राहिला. मला वाटलं झोप लागली.

"तिच्या गाडीत फवाऱ्याचा पंखा आहे," तो म्हणाला. एकेका शब्दाला त्याला थांबावं लागत होतं. "आर्या त्याच्यासमोरच झोपते. मीच बसवून दिलाय. जा. गाठ तिला."

"तुला असा टाकून?"

"मी कुठं पळून जातोय?"

मी डॉक्टरकडे बघितलं. तो म्हणाला, "ताप उतरतोय. पण छाती अजून भरलेली आहे, मी आत्ता काही शब्द देणार नाही. तसंही आता आत कुणाला बसू देणार नाही आम्ही."

मी अंकुशचा हात हातात घेतला. त्याने माझं बोट घट्ट धरलं आणि मग आपणच सोडलं. मी दवाखान्यातल्या पाणीवाल्याकडून टीसीएलची पिशवी मागून घेतली. टीसीएल म्हणजे आपली ब्लिचिंगची पावडर. तिने साय मरते, अमिबा मरतात, सगळंच मरतं.

सारिका कुठे असणार ते मला माहीत होतं. जतच्या अलीकडे दुसऱ्या एका ताफ्यात लग्न होतं आणि नवरीला साय द्यायचा शब्द तिने महिन्यापूर्वीच दिला होता. रस्ताभर मी गाडी अशी हाणली की अंकुशने बघितलं असतं तर चावीच काढून घेतली असती. दोन्ही बाजूंना माळ नुसता पेटल्यासारखा तापला होता. मी सारखी फोनकडे बघत होते. तो वाजू नये असंही वाटत होतं आणि वाजावा असंही.

मांडवात हळद चालली होती. सारिकाची गाडी कडेला, बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत उभी होती आणि तिच्या दाराशी बायका बरण्या घेऊन उभ्या होत्या. एकट्या नवरीला द्यायचं होतं, पण बातमी फुटली की बायका थांबतात थोड्याच! नवरी सगळ्यांत पुढे होती, गालाला हळद, हातात काचेची नवी बरणी. सारिका शिडीवर चढून, टाकीचं झाकण काढून चमच्याने खरवडत होती.

मी आधी गाडीत शिरले. आर्या फवाऱ्याच्या पंख्यासमोर चटईवर झोपली होती, केसांवर बारीक थेंब धरलेले. मी पंख्याची पिनच उपटली. पोरीला उचलून बाहेर आणलं, सारिकाच्या सासूच्या मांडीवर दिलं आणि म्हटलं, "आत्या, हिला घेऊन मांडवात बसा. गाडीत पाऊल टाकू नका." माझं तोंड बघून म्हातारी पोरीला घेऊन निघाली.

"वहिनी!" सारिका शिडीवरून ओरडली. "दादा कसाय?"

"ओळखतो मला. तुला गाठायला त्यानेच लावून दिलंय मला. सारिका, खाली उतर. ही टाकी ओतायची आहे."

"दादा बरा होतोय ना? मग झालं की!"

"त्या पाण्याचं धुकं छातीत गेल्याने त्याला झालंय गं. तुझी पोर त्याच धुक्यात झोपली होती."

"दिवा बघ!" तिने नळाकडे हात केला. "डोळे फुटले का तुझे? निळा आहे!"

"तो दिवा सायीचा आहे, पाण्याचा नाही. डॉक्टरने समजावलंय मला. साय सुखात आहे, एवढंच सांगतो तो."

ती हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. "असणारच सुखात. आई आहे ती. वहिनी, आईची एक साडी राहिली नाही, फोटो राहिला नाही. हे एवढं जिवंत उरलंय तिच्या हातचं. हे मी मारू? तुला काय, तुझी सासू होती!"

हे मला फार लागलं. त्या बाईचं शेवटचं सगळं मी केलं होतं, पण तेव्हा बोलत बसायची वेळ नव्हती. मी बायकांकडे वळले. "बरण्या घेऊन घरी जा गं. ही साय घेऊ नका. माझा नवरा दवाखान्यात आहे हिच्यापायी." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकही हलली नाही. नवरी बरणी छातीशी धरून उभी राहिली.

मग मी पिशवी फाडली, पावडर दोन्ही मुठींत घेतली आणि मागच्या बाजूने चढायला लागले. सारिकाने वरून उडी मारली, माझा पाय धरला आणि मला खाली ओढलं. पावडर सगळी मातीत सांडली, डोळ्यांत गेली. ती माझ्या अंगावर बसली आणि तिने फाडकन माझ्या मुस्काटात मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मारल्यावर तीच घाबरली आणि आपल्या हाताकडे बघत राहिली.

तेवढ्यात गाडीच्या पायरीवर ठेवलेला माझा फोन वाजला. पडद्यावर दवाखान्याचं नाव होतं. माझे हात पावडरने भरलेले, डोळे उघडेनात. मी चाचपडत उठायला लागले, तोवर सारिकाने फोन उचललासुद्धा.

"थांब, मीच सांगते तुझ्या डॉक्टरला," ती दम टाकत म्हणाली. "हॅलो! मी बहीण बोलतेय अंकुश वाघमोडेंची. तुम्ही आमच्या वहिनीच्या डोक्यात जे काही भरवलंय ना, ते आधी..."

ती थांबली.

मी ओढणीच्या टोकाने डोळे पुसत होते. मला ती धूसर दिसत होती. ती फोन कानाला लावून उभी होती. मांडवात कुणीतरी हळदीचं गाणं उचललं होतं. मग तिने "हं" म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा एकदा "हं" म्हटलं. फोन पायरीवर परत ठेवला, सावकाश, काच फुटू नये अशा बेताने.

"काय म्हणाले?" मी विचारलं. "सारिका, काय म्हणाले डॉक्टर?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती नवरीपाशी गेली आणि तिच्या हातातली बरणी काढून घेऊन बाजूला ठेवली. मग गाडीच्या मागे गेली, गुडघ्यांवर बसली आणि टाकीखालचं बूच दोन्ही हातांनी फिरवायला लागली. ते गच्च बसलं होतं. ती फिरवत राहिली. बूच निघालं तसं पाणी जोरात बाहेर आलं, तिच्या कपड्यांवर, तापलेल्या मातीवर, दगडांवर आपटून उडायला लागलं. नळावरचा दिवा लाल झाला. तिने त्याच्याकडे वर बघितलंही नाही.

मी तिथवर चालत गेले. 

"वहिनी, लांब राहा," ती म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "तोंडावर ओढणी घे. शिंतोडे उडतायत."

तेव्हा मला कळलं, अंकुश गेला.

मी ओढणी घेतली नाही. मला घ्यायची नव्हती. तशीच त्या पाण्यासमोर उभी राहिले. मग तीच उठली, आपली ओढणी काढून तिने माझ्या नाका-तोंडावर दाबून धरली आणि टाकी पूर्ण रिकामी होईपर्यंत तशीच धरून ठेवली.